मारबतीला काय न्यायला सांगायचं

मारबतीला काय न्यायला सांगायचं आणि काय नाही, याबद्दल माझ्या नणंदेची मतं फार पक्की आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. बांबू-कागदाच्या त्या प्रचंड बाया इतवारीच्या रस्त्यावरून झुलत जातात आणि लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ कुणी डेंग्यू न्यायला सांगतं, कुणी महागाई, कुणी तर शेजाऱ्याचा कुत्रा. मग गावाबाहेर नेऊन तिला जाळलं की सांगितलेलं सगळं तिच्याबरोबर जातं, अशी समजूत.

जिजाबाईंना हा निव्वळ चावटपणा वाटतो. “येका घरानं येकच काम सांगावं,” त्या म्हणतात. “सतरा कामं सांगतली का ते बाई गांगरते, अन् मंग कोणतंच करत नाही.”

जिजाबाई म्हणजे माझे यजमान चंपतराव यांची धाकटी बहीण. राहायला इतवारीतल्या एका बोळात, मिरवणुकीच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांचे यजमान मधुकरराव लकडगंजात लाकूड कापायच्या एका आरामशिनीवर कामाला आहेत. माणूस अगदी अबोल, कारण त्या घरात बोलायला जागाच शिल्लक राहत नाही. आम्ही नंदनवन वस्तीत राहतो. चंपतराव बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात जातात आणि मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे माझं लिहिणं असं इस्त्री केलेलं असतं. घरात मात्र मीही मले-तुलेच करते, नाहीतर जिजाबाई मला ‘मास्तरीणबाई’ म्हणून मोकळ्या होतात.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा जिजाबाईंच्या कडेवर प्रेमानंद होता. त्या वयानं माझ्याहून लहान, पण लग्न माझ्याआधी झालेलं, तेही घरातल्या घरात. मधुकरराव त्यांच्या सख्ख्या आत्याचे चिरंजीव. मामाची पोरगी करायची ही आमच्याकडची जुनी रीत, आणि जिजाबाईंना तिचा केवढा अभिमान! ‘आमच्या घरी बाहेरची सून येत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी शेवटी ते मलाच उद्देशून असावं असं वाटायला लागलं. मी पडले भंडाऱ्याची, पार बाहेरची.

माझी श्वेता जन्मली तेव्हा जिजाबाई दवाखान्यात चांदीचे वाळे घेऊन आल्या. पाळण्यातल्या पोरीच्या पायांत ते घातले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हे माही सून!” मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मी अंथरुणात चडफडत होते आणि चंपतराव कौतुकानं हसत होते. तेव्हापासून दर भाऊबीजेला हाच खेळ. ओवाळून झालं की भाऊ ताटात साडी ठेवणार, आणि बहीण ती बाजूला सारून म्हणणार, “हे राहू दे भाऊ. मले तुही पोरगी देजो.” भाऊ म्हणणार, “तुहीच हाय ते.” मग जिजाबाई साडीही उचलून घेणार. साडी सोडायची बाई नाही ती.

पोरं मोठी झाली तशी मला वाटलं, हे सगळं हसण्यावारी जाईल. पण प्रेमानंद कॉलेजात कबड्डी खेळायला लागला आणि श्वेताला अचानक कबड्डीची आवड लागली. लांब ढांगा टाकत चढाईला जाणारा तो पोरगा समोरच्या फळीवरून उडी मारून परत यायचा आणि आमची पोरगी मैदानाच्या कडेला ओठ दाताखाली धरून बसलेली असायची. आई काही आंधळी नसते. मी ते वाळे धुऊन पुसून कपाटात नीट ठेवले.

त्याच्या पायांचं पहिल्यांदा कळलं ते मारबतीच्याच दिवशी. आम्ही सगळे बोळाच्या तोंडाशी उभे होतो. पुढं गर्दी. मारबत दिसेना तसे सगळे टाचा उचलून चवड्यांवर उभे राहिले. प्रेमानंद तेवढा तसाच. श्वेतानं त्याला चिडवलं, “काहून रे, पायाले मेहंदी लावली का?” तो हसला. मग खाली आपल्या पायांकडे पाहत म्हणाला, “उचलूनच नाही राहिली टाच.” दोन्ही हातांनी भिंत धरून त्यानं पुन्हा करून पाहिलं. मांड्या थरथरल्या, पण टाचा जमिनीवरून हलल्या नाहीत. वीस वर्षांचा पोरगा, आदल्याच महिन्यात ढाल जिंकून आलेला. आम्ही म्हटलं, खेळात दुखावला असेल. आणि मारबत बघायला लागलो.

दुखणं गेलं नाही तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्यात यकृताचे म्हणून जे आकडे असतात ते वाढलेले निघाले. झालं! जिजाबाईंनी कावीळ ठरवून टाकली. डोळे पांढरे शुभ्र, भूक बैलासारखी, पण घरात तेल बंद, तिखट बंद, हळद बंद. सावजीच्या रश्श्यावर वाढलेल्या त्या पोराला सहा महिने उकडलेली लौकी आणि उसाचा रस. शिवाय उतारा म्हणून कुणाकुणाकडची मुळी गळ्यात. बिचाऱ्यानं हूं की चूं केलं नाही. आकडे मात्र जिथल्या तिथे. मग कुणीतरी म्हणालं, अंगात ताकद नाही. म्हणून पुढची तीन वर्षं व्यायामशाळा, उठाबशा आणि आईच्या हातची रोजची मालीश. पोटऱ्या आणखी बारीक झाल्या. एकदा जिना उतरताना तो कोसळला आणि तेव्हा कुठं आम्ही रामदासपेठेतल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मला सोबत नेलं होतं ते डॉक्टरांचं बोलणं ‘सोपं करून’ सांगायला.

बाई भल्या होत्या. त्यांनी त्याला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं, मग टाचांवर चालायला सांगितलं आणि एक वेगळी रक्ततपासणी केली. ते आकडे यकृताचे नव्हतेच. स्नायू झिजून त्यातला ऐवज रक्तात उतरत होता. पुढं जनुकांची तपासणी झाली, आणि काही आठवड्यांनी आम्हाला बोलावून त्यांनी नीट समजावलं.

“आपण उठतो, चालतो, जिना चढतो, तेव्हा स्नायूंच्या पेशींवरच्या पातळ पडद्याला बारीक चिरा पडत असतात. माझ्याही, तुमच्याही. त्या चिरेतून बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. ती धोक्याची घंटा समजा. डिस्फर्लिन नावाचं एक प्रथिन तिथे त्या पडद्याला धरून असतं. कॅल्शियम आलं की ते कामाला लागतं, आतून ठिगळ आणून चीर बुजवतं. आपल्याला पत्ताही लागत नाही. प्रेमानंदच्या शरीरात ते प्रथिन तयार होत नाही. ते कसं बनवायचं हे सांगणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. याच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत.”

“म्हणजे कबड्डीनं झालं का?” जिजाबाईंनी विचारलं.

“नाही. खेळला नसता तरी झालंच असतं. खूप ताण मात्र आता नको.”

“औषध?”

“आज नाही. जगभर काम चालू आहे. हृदयाला सहसा धक्का लागत नाही, आयुष्य मोठं असतं. पण चालणं हळूहळू कमी होईल. काही वर्षांनी चाकाची खुर्ची लागेल.”

प्रेमानंदनं फक्त मान हलवली. जणू पंचानं बाद दिल्यावर मैदानाबाहेर जायचं एवढंच त्याला माहीत होतं.

मग बाईंनी कागदावर घराण्याची आकृती काढायला घेतली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. मधुकरराव आणि जिजाबाई यांच्यामध्ये रेघ ओढताना त्यांनी विचारलं, “तुम्ही दोघं नात्यातले का?”

“हो तर!” जिजाबाई ताठ बसल्या. “मी यायच्या सख्ख्या मामाची पोरगी.”

बाईंनी त्या रेघेला लागून आणखी एक रेघ ओढली.

“दोन रेघा काहून?”

बाईंनी हळू आवाजात सांगितलं. नात्यातलं लग्न असं दोन रेघांनी दाखवतात. तुमच्या आजोबा-आजीपैकी कुणाकडे तरी एक बिघडलेली प्रत होती. एकीनं काही होत नाही, दुसरी चांगली प्रत काम करत राहते. ती मुलाकडे गेली, म्हणजे तुमच्या वडिलांकडे. आणि मुलीकडेही गेली, म्हणजे तुमच्या सासूबाईंकडे. तिथून तुम्हा दोघांकडे. आणि दोन्ही वाटा या मुलात येऊन मिळाल्या. यात कुणाचाही दोष नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या.

परतताना रिक्षात जिजाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना असं गप्प मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि तो अबोल माणूस, मधुकरराव, रामदासपेठेपासून इतवारीपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्यानं वाचून दाखवत होता. “हे पाय, नवीन चष्म्याचं दुकान झालं. हे पाय, इथं आता कुलर भेटते.” मला रडू आवरेना. मी तोंड बाहेर वळवून बसले.

आठ-दहा दिवसांनी गेले तर प्रेमानंदसमोर दुधाचे पेले ओळीनं मांडलेले.

“डॉक्टरीणबाई म्हणल्या ना का कॅल्शियमनं घंटी वाजते म्हणून,” जिजाबाई म्हणाल्या. “मंग वाजू द्या ना जोरात.”

“जिजाबाई, घंटी तर वाजूनच राहिली. उठून जाणारं कोणी नाही घरात.”

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग एक पेला उचलला आणि पदरानं डोळे टिपत स्वतःच पिऊन टाकला. दूध वाया घालवणंही त्यांना जमत नाही.

त्या वर्षीच्या मारबतीसाठी त्यांनी आठवडाभर माझ्याकडून तो शब्द घोटून घेतला. डिस्-फर-लिन. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना तेच. प्रेमानंद तेव्हा अजून चालत होता, पण गर्दीत धक्का लागला तर पडायचा, म्हणून बोळाच्या तोंडाशी त्याला खुर्ची टाकून दिली होती. काळी मारबत समोर आली, आणि जिजाबाईंनी दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की पुढचे ढोलवाले वळून बघायला लागले.

“डिस्फर्लिन घेऊन जा गे मारबत!”

प्रेमानंद खुर्चीत हसून हसून लोटपोट झाला. “आई, हे काय केलं वं! डिस्फर्लिन म्हणजे रोग नव्हे, ते चांगलं असते. तेच तर माह्याजवळ नाही. तू लोकायजवळचंही न्यायले सांगतलं!”

जिजाबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी समोर पाहिलं. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं, नाचणारी पोरं, वेशीपर्यंत पळत जाणारी पोरं. मला काही कळायच्या आत त्यांनी पदर खोचला आणि त्या गर्दीत घुसल्या. लांबून त्यांचा आवाज तेवढा येत होता. “नको नेऊ! राहू दे गे मारबत! लोकायच्या लेकरायचं राहू दे!”

परत आल्या तेव्हा घामानं थबथबलेल्या, आणि एका पायात चप्पल नव्हती.

“आयकलं का तिनं?” प्रेमानंदनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

“आयकलं. मले मान हालवतानी दिसली,” त्या म्हणाल्या, आणि उरलेली चप्पल काढून पोराच्या पायाशी बसल्या. मारबतीची मान वाऱ्यानंही हलते, हे मी बोलले नाही. त्या दिवशी माझ्या नणंदेवर माझा जो जीव जडला तो जडलाच.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला त्या आल्या. पाट मांडला, चंपतरावांना ओवाळलं. त्यांनी नेहमीप्रमाणे साडी ताटात ठेवली. जिजाबाईंनी नेहमीप्रमाणे ती बाजूला सारली.

“भाऊ, मले येक देजो,” त्या म्हणाल्या. निरांजन त्यांनी खाली ठेवलं. “तुही पोरगी मले नको देऊ.”

चंपतराव पाटावर तसेच बसून राहिले. “जिजा, मी जबान देल्ली हाय.”

“तुही जबान मी वापस करून राहिली. त्या बाईनं कागदावर दोन रेघा ओढल्या तवा मले समजलं. माही आत्या मले हौसेनं घेऊन गेली, मी तुह्या पोरीले हौसेनं नेईन, अन् ह्या हौसेपायी अजून येक लेकरू टाच उचलाले तरसंन. बस झालं.”

त्या साडी न घेता उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा. मला हलकं वाटलं, हे मी लपवत नाही. मी पोरीची आई आहे. पण ती साडी घडीसकट ताटात पडून राहिलेली पाहिली आणि ते हलकेपण मला दिवसभर पेलवलं नाही.

श्वेता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “माह्याच बद्दल बोलून राहिले सगळे, अन् मले कोणी इचारूनच नाही राहिलं,” ती म्हणाली. बँकेत नोकरी करणारी माझी शांत पोरगी. दुसऱ्या आठवड्यात ती बापाला घेऊन रामदासपेठेत गेली आणि दोघांनी तपासणीला रक्त दिलं. चंपतरावांना कारण विचारलं तर म्हणाले, “ते माह्या घरून आलं का नाही, हे मले बी पाह्यचं हाय.”

उत्तर आलं. चंपतरावांकडे एक बिघडलेली प्रत होती. श्वेताकडे ती आली नव्हती. तिच्या दोन्ही धड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दोघांचं लग्न झालं तर मुलांना प्रेमानंदकडून एक बिघडलेली प्रत मिळेल, श्वेताकडून एक चांगली. मुलांना हा आजार होणार नाही. श्वेता तिथून सरळ आत्याकडे गेली. मीही मागोमाग.

जिजाबाईंनी सगळं ऐकलं. पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. “लेकरायले नाही होणार, चांगलं झालं वं माय,” त्या म्हणाल्या. “पण तुह्या नवऱ्याले तर झालाच हाय ना.”

“आत्या, मले माहीत हाय.”

“तुले काहीच माहीत नाही. नाही म्हणजे नाही.”

श्वेता चहा मांडायला आत गेली. ते घर तिचं असल्यासारखीच ती तिथे वागते. जिजाबाई मला बाहेरच्या ओट्यावर घेऊन बसल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या, “वहिनी, आज तो भिंतीले धरून उठते. उद्या उचला लागंन. मी हाय तवर मी उचलीन. माह्यामागं तिनं उचलावं म्हणून आणू का मी तिले? मले ते पोरगी किती पाहिजे, हे देवालेच ठाऊक. इतकी हाव हाय मले तिची का माहाच मले भरोसा नाही. म्हणून नाही म्हणते.”

मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.

असे महिने गेले. प्रेमानंद आता लकडगंजातल्या लाकूड व्यापाऱ्यांचं संगणकावरचं काम घरी बसून करतो, आणि तान्हा पोळा जवळ आला की पोरांसाठीचे लाकडी बैल रंगवतो. यंदा मी गेले तेव्हा तो बैलांचे डोळे काढत होता. पावलांना आधाराच्या पट्ट्या होत्या.

“मामी, मी तिले दोनदा नाही म्हणून पाह्यलं,” तो ब्रश न थांबवता म्हणाला. “दोन्ही खेपेस ते आयकून घेते अन् मंग म्हणते, साखर किती टाकू.”

“मंग तुह्या मनात काय हाय?”

ब्रश थांबला. “माह्या मनात काय हाय, हे सगळ्या इतवारीले माहीत हाय. पण आईनं हो म्हणाले पाहिजे, मामी. आई नाही म्हणत असतानी केलं, तर मी जवा जवा पडीन, तवा तवा आई सोताले दोष देईन. असं लग्न नाही पाहिजे मले.”

तेवढ्यात श्वेता आली. त्याला उठायचं होतं. मी लगबगीनं हात पुढे केला, तर तिनं मला डोळ्यांनी थांबवलं. ती त्याच्या बाजूला नुसती उभी राहिली, दुसरीकडे बघत, बैलाचं शेपूट चाचपत. त्यानं टेबलावर एक हात टेकला, मग दुसरा, मग गुडघ्यावर, आणि वेळ घेत उभा झाला. शेवटी तोल जाऊ लागला तेव्हा त्यानं हात न बघता बाजूला केला, आणि तिचा खांदा तिथे होता. दोघांपैकी कुणीही त्याचं काही वाटून घेतलं नाही. माझं मन तिथे वळलं. पूर्ण नाही म्हणणार मी. पण अर्ध्याच्या बरंच पलीकडे गेलं.

आणि मग यंदाची मारबत.

बोळाच्या तोंडाशी प्रेमानंदची खुर्ची. बसलेल्या माणसाला समोरच्या पाठी सोडून काय दिसणार? म्हणून श्वेता त्याच्या मागं, खुर्चीच्या पाठीला धरून चवड्यांवर उभी, आणि सगळं वर्णन करून सांगतेय. “काळी आली. यंदा दात लय मोठे काढले. पाय, पाय, आता वळून राहिली. अरे, तिच्या नथीले कोणी तरी संत्रं लटकवलं!” तो डोळे मिटून ऐकत होता आणि हसत होता. मधुकरराव त्याच्या बाजूला. चंपतरावांनी त्या दिवशी सुट्टी काढली होती.

जिजाबाई पुढे उभ्या होत्या. या वर्षी त्यांनी कुठला शब्द घोटला नव्हता, मला काही विचारलंही नव्हतं. त्यांनी चपला काढून खुर्चीपाशी ठेवल्या होत्या, देवाच्या दारात काढतात तशा. मारबत अगदी समोर आली. भोवताली लोक काय काय ओरडत होते. जिजाबाईंनी हात जोडले आणि त्यांचा तो खणखणीत आवाज फाटला.

“माही हाव घेऊन जा गे मारबत! भावाच्या पोरीची हाव घेऊन जा! दुसरं काही नाही!”

ढोल वाजतच होते, पण आम्हा सगळ्यांना ते लख्ख ऐकू आलं. मधुकररावांनी मान खाली घातली. प्रेमानंदनं डोळे उघडले. श्वेताच्या टाचा हळूच जमिनीला टेकल्या. ती खुर्चीला वळसा घालून आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

“गेली का तुही हाव, आत्या?”

“गेली,” जिजाबाई म्हणाल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“बरं झालं. माही हाय अजून. मी कोणालेच न्यायले सांगतली नाही, अन् सांगणार बी नाही. मले उचलाले नाही यायचं तुह्या घरी. मले राहाले यायचं हाय.”

जिजाबाईंनी पोराकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“वहिनी, तुम्ही माय हाये तिची. तुम्हीच सांगा.”

वाळे घातले तेव्हा विचारलं नव्हतं. इतक्या भाऊबीजा मागितलं तेव्हा विचारलं नव्हतं. आज विचारत होत्या. जन्मभर मराठी शिकवूनही मला एवढंच सुचलं, “दिवाळी जवळच हाय, जिजाबाई. साडी बाजूले ठेवजा, अन् मागजा. दरसालासारखं.”

“कशी मागू?” त्या कासावीस झाल्या. “आत्ताच तर माही हाव तिच्याजवळ देऊन टाकली मी!”

आम्ही सगळ्यांनीच रस्त्याकडे पाहिलं. काळी मारबत बरीच पुढं गेली होती. तिची पाठ डावीउजवीकडे झुलत होती आणि थोड्या वेळात ती कोपऱ्यावरून वळणार होती. जिजाबाईंनी डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि पळत सुटल्या.

“थांब गे मारबत! माहं देऊन जा! माहं मले वापस देऊन जा!”

“आई, चपला!” प्रेमानंद ओरडला. पण त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या होत्या, आणि श्वेतानं वाकून त्या दोन्ही चपला उचलून हातात धरल्या.